तेलाचा डबा आणि सरकारची जकात

कढईत कोणते तेल घालावे, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघराच्या उंबरठ्याआतला आहे. त्यात राज्यकर्त्यांचा, जकातीच्या दरांचा किंवा समुद्रापलीकडील मळ्यांचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि गेल्या शंभर वर्षांतील खाद्यतेलाचा इतिहास पाहिला, तर असे दिसून येते की, महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात आज जे तेल वापरले जाते, त्याची निवड त्या घरच्या माणसांनी फारच थोडी केलेली असते. कारखानदार, जाहिरातदार, व्यापारी आणि सरकार यांनी ती बहुतांशी आधीच करून ठेवलेली असते. ही निवड कशी होत गेली, आणि लोकांच्या आरोग्याशी तिचा संबंध कोठे व कसा पोचतो, याचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

प्रथम जुनी स्थिती लक्षात घेतली पाहिजे. त्या काळी तेल हे ज्या त्या मुलखाचे असे. कोकणात व गोव्यात खोबरेल, देशावर करडई, तीळ, कारळे आणि जवस, बंगालात व उत्तरेत मोहरी, आणि शेंगदाण्याची लागवड पसरली तेथे तेथे शेंगदाण्याचे तेल, अशी वाटणी जमिनीने व पावसाने करून दिलेली होती. गावात लाकडी घाणा असे. शेतकरी आपली करडई तेल्याकडे नेई, तेल घरी आणी, आणि पेंड गुरांच्या पुढे पडे. तेल ताजे असे; पण ते बेताचेच मिळे. भाकरीबरोबरच्या चटणीवर तेलाची धार, वरणभातावर जमल्यास तुपाचा थेंब, आणि तळण सणावारी, असा सर्वसाधारण बेत होता. या स्थितीला सुवर्णयुग म्हणण्याचे मात्र कारण नाही. गरिबांच्या वाट्याला स्निग्ध पदार्थ इतके कमी येत की, वाढत्या मुलांना व बाळंतिणींना त्यांची वाण पडे. तेव्हा अधिक तेल आणि स्वस्त तेल ही लोकांची खरी गरज होती. पुढे जे जे घडले ते याच गरजेच्या आधाराने घडले, हे विसरून चालणार नाही.

या गरजेला पहिले मोठे उत्तर दिले ते वनस्पती तुपाने. पातळ तेलात निकेल धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू मिसळला असता ते तेल थिजते, हा शोध विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात व्यवहारात आला. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. थिजलेले हे तेल दिसण्यात तुपासारखे, टिकाऊ, आणि तुपापेक्षा पुष्कळच स्वस्त. तेव्हा हिंदुस्थानासारख्या तुपाच्या भोक्त्या देशात त्याला गिऱ्हाईक मिळणार, हे व्यापाऱ्यांनी ताबडतोब ओळखले. आरंभी ते परदेशातून येत असे. पुढे १९३१ साली लीव्हर कंपनीने हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली, मुंबईत शिवडी येथे कारखाना उभा राहिला, आणि १९३७ साली ‘डालडा’ हे नाव बाजारात आले.

नाव आले तरी लोकांचा विश्वास यावयाचा होता. तूप हे नुसते खाद्य नव्हते. देवापुढच्या निरांजनापासून बाळंतिणीच्या लाडवांपर्यंत त्याचा मान होता. त्याच्या जागी कारखान्यातील पदार्थ बसविणे हे सोपे काम नव्हते. लिंटास या जाहिरात कंपनीने १९३९ साली हे काम हाती घेतले, आणि ते ज्या पद्धतीने केले त्या पद्धतीला या देशातील जाहिरातीच्या इतिहासात मानाचे स्थान दिले जाते. चित्रपटगृहांत छोटे बोलपट दाखविण्यात आले. डब्याच्याच आकाराची गोल मोटारगाडी रस्त्यांतून फिरविण्यात आली. ठिकठिकाणी दुकाने मांडून लोकांना हा पदार्थ पाहावयास, हुंगावयास व चाखावयास दिला गेला. ज्यांना वाचता येत होते त्यांच्यासाठी पत्रके होती, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी डब्यावर झाडाचे चित्र होते. काही वर्षांतच डालडा हे एका कंपनीच्या मालाचे नाव न राहता त्या जातीच्या सर्वच पदार्थांचे नाव होऊन बसले. रिकाम्या डब्यात तुळस लावण्याची चाल घरोघर पडली. यावरून हा पदार्थ संसारात किती खोलवर शिरला होता, याची कल्पना येईल.

विरोधही कमी झाला नाही. तुपात वनस्पतीची भेसळ सर्रास होऊ लागली, आणि खरे तूप विकणारा शेतकरी व गवळी त्यात भरडला जाऊ लागला. गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रातून या पदार्थाविरुद्ध लेखणी चालविली. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याची मागणी संसदेपर्यंत पोचली. सरकारने प्रयोगशाळांचे मत मागविले. उंदरांवर प्रयोग झाले. आणि बेताने थिजविलेल्या वनस्पतीत स्पष्ट असा अपाय आढळत नाही, असे मत पडले. बंदी आली नाही. तिच्या जागी दोन तडजोडी आल्या. वनस्पतीत निदान ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे कायद्याने आवश्यक ठरले. हेतू हा की, तुपात भेसळ झाल्यास रासायनिक परीक्षेत तिळाच्या तेलामुळे लाल रंग यावा आणि चोरी उघडकीस यावी. आणि पोषणाच्या दृष्टीने त्यात अ जीवनसत्त्व घालण्याचा नियम झाला. अशा रीतीने भेसळीचा प्रश्न कायद्याने हाती घेतला, पण आरोग्याचा प्रश्न मिटला असे समजून बाजूस ठेवला.

तो मिटलेला नव्हता. तेल अर्धवट थिजविताना त्यातील काही स्निग्धाम्लांची घडण बदलते, आणि ज्यांना आज ट्रान्स मेदाम्ले म्हणतात ती निर्माण होतात. मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले की, ही मेदाम्ले रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकारक कोलेस्टेरॉल कमी करितात. म्हणजे दुहेरी नुकसान करितात. १९९३ साली अमेरिकेत हजारो परिचारिकांच्या दीर्घ पाहणीतून या मेदाम्लांचा हृदयविकाराशी असलेला संबंध पुढे आला. डेन्मार्कने २००३ साली खाद्यपदार्थांतील स्निग्धांशात औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा कायदा केला. आपल्या देशात २००९ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील वनस्पती तपासले, तेव्हा त्यात डेन्मार्कच्या मर्यादेच्या पाचपट ते बारापट ट्रान्स मेदाम्ले सापडली. त्यानंतर सरकारने मर्यादा घातली. ती प्रथम १० टक्के होती, मग ५ टक्के झाली, १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे या एका घटकामुळे जगात दरवर्षी सुमारे ५ लाख माणसे हृदयविकाराने दगावत असत. डालडा बाजारात आल्यापासून ही मर्यादा २ टक्क्यांवर येईपर्यंत पंचाऐंशी वर्षे गेली. जाहिरातीला काही वर्षे पुरली. शास्त्राला व कायद्याला मिळून जवळजवळ एक शतक लागले.

आता या कथेचा दुसरा भाग पाहावयाचा, आणि तो व्यापाराचा आहे. १९७० नंतर देशात तेलाची तूट वाढत गेली. सरकारी व्यापार महामंडळामार्फत परदेशातून तेल आणवून ते शिधावाटप दुकानांतून आणि वनस्पतीच्या कारखान्यांना देण्यात येऊ लागले. पामोलिन हा शब्द मराठी घरांत शिरला तो शिधापत्रिकेच्या मार्गाने. १९८६ साली सरकारने तेलबियांसाठी स्वतंत्र तंत्रज्ञान मोहीम काढली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली तेलबिया उत्पादकांच्या सहकारी संस्था उभारल्या, आणि १९८८ साली ‘धारा’ हे तेल बाजारात आणले. आयातीवर आळा होता, शेतकऱ्याला भाव मिळत होता, आणि १९८५-८६ साली सुमारे १०८ लाख टन असलेले तेलबियांचे उत्पादन दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाले. १९९०-९५ च्या सुमारास देश खाद्यतेलाच्या बाबतीत जवळजवळ स्वावलंबी झाला होता.

ही स्थिती फार दिवस टिकली नाही. १९९४ साली पामोलिनची आयात खुली करण्यात आली. त्या वेळी जकात ६५ टक्के होती; ती उतरत उतरत १९९८ सालापर्यंत १५ टक्क्यांच्या आसपास आली. त्याच वर्षी दिल्लीत एक भयंकर प्रकार घडला. पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ असलेले मोहरीचे तेल खाऊन अंगावर सूज येण्याची साथ पसरली. साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो आजारी झाली. सुट्या तेलाच्या विक्रीवर बंधने आली. लोकांची भीती रास्त होती आणि बंधनेही आवश्यक होती. परंतु परिणाम असा झाला की, घाण्याच्या सुट्या तेलावरचा विश्वास उडाला आणि बंद पिशवीतील रिफाइंड तेलाला वाट मोकळी झाली. जकात खाली आणि भीती वर, अशा दोन्ही बाजूंनी बाजार एकाच दिशेला झुकला.

येथे जागतिक व्यापार संघटनेतील करारांचाही उल्लेख केला पाहिजे. या करारांनुसार हिंदुस्थानाला सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांहून अधिक जकात बसविता येत नाही. पामतेलावर मात्र ही मर्यादा ३०० टक्के आहे. म्हणजे एका तेलाच्या बाबतीत सरकारचे हात बरेच बांधलेले, आणि दुसऱ्याच्या बाबतीत ते बहुतेक मोकळे आहेत. हे आकडे ठरविताना कोणत्या तेलाने हृदयाला काय होते, हा विचार झाला नव्हता. ते वाटाघाटींतून आले होते. पुढे तेलाचे भाव भडकले तेव्हा २००८ साली कच्च्या तेलावरील जकात शून्यावर आणली गेली. २०१८ साली शेतकऱ्यांसाठी ती कच्च्या पामतेलावर ४४ टक्क्यांपर्यंत चढविली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती वाढविली आणि मे २०२५ मध्ये पुन्हा उतरविली. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असता लातूरसारख्या बाजारपेठांत भाव त्याच्या खाली होता, आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरात त्याच वेळी आयात केलेल्या तेलाची पिशवी येत होती. स्वतः पिकविलेले विकून परक्याचे विकत घ्यावे, असा हा उलटा व्यवहार आहे. त्यातच करडईचे पीक महाराष्ट्रातून मागे हटत गेले आणि तिच्या जागी बऱ्याच ठिकाणी सोयाबीन आले. एके काळी देशावरच्या गरिबाच्या भाकरीवर पडणारे करडईचे तेल पुढे ‘हृदयाला हितकर’ अशी शिफारस घेऊन शहरातील सुखवस्तू घरांत महाग बाटलीतून परतले, हाही याच व्यवहाराचा एक चमत्कार होय.

आज देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे तेल रशिया व युक्रेनमधून येते. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबविली, तेव्हा येथील वाण्याच्या दुकानातील भाव लगेच हलले. आयातीत पामतेलाचा वाटा कित्येक वर्षे निम्म्याहून अधिक राहिला. तथापि घरोघरच्या गृहिणींना विचारले तर पामतेल वापरतो असे सांगणाऱ्या फार थोड्या निघतील. मग ते जाते कोठे? ते जाते फरसाणाच्या भट्टीत, बिस्किटांच्या कारखान्यात, रस्त्यावरील वड्याच्या कढईत, खाणावळीत आणि मिश्र तेलांत. हे तेल स्वभावतःच अर्धवट थिजणारे आहे. ते कढईत टिकते, खुसखुशीतपणा आणते, आणि सर्वांत स्वस्त पडते. ट्रान्स मेदाम्लांवर बंधन आल्यावर कारखानदार त्याच्याकडेच अधिक वळले. ट्रान्स मेदाम्लांपेक्षा ते बरे, यात संशय नाही. परंतु त्यातील जवळजवळ निम्मा भाग संपृक्त मेदाम्लांचा असतो. शेंगदाणा, सोयाबीन व करडई यांच्या तेलांत तो पुष्कळच कमी असतो.

सरकारने तेल बदलले तर लोकांच्या रक्तात फरक पडतो काय? याचे उत्तर हिंदी महासागरातील एका बेटाने दिलेले आहे. मॉरिशसमध्ये ऊसमळ्यांच्या काळापासून हिंदी वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांत मराठी कुळेही आहेत. तेथे सरकार स्वस्त दराने जे शिधातेल पुरवीत असे ते मुख्यतः पामतेल होते. हृदयविकाराचे प्रमाण पाहून १९८७ साली तेथील सरकारने त्या तेलाची घडण बदलली आणि ते मुख्यतः सोयाबीनचे केले. त्याबरोबर लोकशिक्षणाची मोहीमही चालविली. पाच वर्षांनी, १९९२ साली, पुन्हा तपासणी झाली तेव्हा प्रौढ लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरलेली आढळली. घरातील कोणालाही आपली आवड मोडावी लागली नाही. दुकान तेच, बाटली तीच, स्वयंपाक तोच. त्याच पाहणीत हेही दिसले की, लठ्ठपणा कमी न होता वाढला होता. म्हणजे तेलाची जात बदलल्याने एक गोष्ट साधली, परंतु तेलाचे मान आणि एकंदर राहणी यांचा प्रश्न शिल्लकच राहिला.

मानाचा हा प्रश्न आपल्याकडे आता अधिक तातडीचा झालेला आहे. १९५५-५६ च्या सुमारास देशात माणशी वर्षाला तेल व वनस्पती मिळून सुमारे ३ किलो येई. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण १९ ते २० किलोंच्या घरात गेले आहे. बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसास २० ते ३० ग्रॅम तेलतूप पुरे, असे आहारशास्त्रज्ञ सांगतात. वर्षाचा हिशेब केला तर ते १०-११ किलोंच्या वर जात नाही. पूर्वीची वाण गेली हे चांगलेच झाले. परंतु सरासरीच्या पोटात विषमता असते. डोंगराळ भागातील मजुराच्या घरी आजही बुधली रिकामी असेल, आणि शहरातील मुलाच्या हाती दररोज दहा रुपयांची तळलेली पुडी असेल. दुसऱ्याच्या अतिरेकाने पहिल्याची उणीव भरून येत नाही.

सरकारच्या हाती काय आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल होते. गरिबाच्या घरी दिवाळी व्हावी हा हेतू स्तुत्यच होता, आणि ज्यांच्या घरी त्यामुळे करंज्या तळल्या गेल्या त्यांच्या आनंदाला कोणी नावे ठेवू नयेत. प्रश्न इतकाच की, तेलाच्या जागी कोणते तेल असावे याचा निर्णय कोणत्या खात्यात होतो? जकात अर्थखाते ठरविते, हमीभाव कृषिखाते पाहते, शिधावाटप अन्नखाते करते, भेसळीचा विचार अन्नसुरक्षा प्राधिकरण करते. हृदयविकाराचा रोगी मात्र येतो आरोग्यखात्याच्या रुग्णालयात; आणि त्या खात्याला पहिल्या तीन निर्णयांत सहसा कोणी विचारीत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने तेलताडाच्या लागवडीसाठी ११,०४० कोटी रुपयांची मोहीम मंजूर केली. परदेशावरील अवलंबन कमी करण्याचा तिचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु करडई, तीळ, कारळे व शेंगदाणा या कोरडवाहू पिकांना त्याच जोराने हात दिला, तर शेतकरी, देशाची तिजोरी आणि खाणाऱ्याचे हृदय या तिघांचेही हित एकाच खर्चात साधण्याची आशा आहे.

हे होण्यास वेळ लागेल. तोपर्यंत घरात जेवढे करता येते तेवढे करावे. पिशवीवरील मोठ्या अक्षरांतील स्तुती सोडून मागील बाजूस बारीक अक्षरांत दिलेली यादी वाचावी. बिस्किटाच्या पुड्यावरही कोणते तेल वापरले आहे ते लिहिलेले असते. महिन्याचे तेल माणसे मोजून आणावे. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन साडेतीन किलोंहून अधिक तेल लागत असेल, तर हात कोठे सैल पडतो ते पाहावे. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. मुलांच्या खाऊत चणे, शेंगदाणे, चुरमुरे, फळे यांना जुनी जागा परत द्यावी. आणि शिधावाटपाच्या दुकानात, ग्रामसभेत किंवा निवडणुकीच्या सभेत जेव्हा तेलाच्या भावाचा प्रश्न निघेल, तेव्हा ‘तेल कितीला?’ या प्रश्नाबरोबर ‘तेल कोणते?’ हाही प्रश्न विचारावा. लोकांनी तो विचारल्यावाचून जकात ठरविणाऱ्यांच्या कागदावर तो येण्याचा संभव नाही.